दर डासामागे एक आणा

रोनाल्ड रॉसला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. त्याला चित्रं काढायची होती, कविता लिहायच्या होत्या, संगीत रचायचं होतं. जन्म हिमालयातल्या अल्मोड्याचा, १३ मे १८५७चा. मेरठच्या उठावाला जेमतेम तीन दिवस झाले होते. वडील कॅम्पबेल रॉस हिंदुस्थानी फौजेतले अधिकारी, पुढे जनरल झाले. दहा भावंडांत हा थोरला. आठव्या वर्षी त्याला शिकायला इंग्लंडला नातेवाइकांकडे धाडलं, आणि तिथे तो हवं ते वाचत, हवं ते रेखाटत वाढला. वडिलांनी मात्र ठरवून टाकलं होतं की पोराने डॉक्टर होऊन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये जायचं. आपल्याकडे बारावीनंतर घरोघरी जो सीन होतो तोच. पोरगा लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये दाखल झाला, अभ्यासात रमला नाही, दोनपैकी एका परीक्षेत नापास झाला, काही काळ जहाजावर डॉक्टर म्हणून फिरला आणि शेवटी १८८१ साली कसाबसा सर्व्हिसमध्ये शिरला.

मद्रास इलाख्यात नेमणूक झाली. काम थोडं, वेळ भरपूर. रॉसने तो वेळ गणितात आणि लेखनात घातला. कादंबऱ्या लिहिल्या, नाटकं लिहिली, स्वखर्चाने छापलीही. त्या फारशा कुणी वाचल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर आज कुणी आवर्जून वाचाव्यात अशाही नाहीत. पण गणित त्याने मनापासून केलं, आणि ते पुढे कामाला आलं.

१८८३ साली बंगलोरला त्याला राहायला मिळालेल्या बंगल्यात डासांचा उच्छाद होता. खिडकीजवळच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडं केलं, डास कमी झाले. मेसच्या आवारातली पिंपंही अशीच रिकामी करा म्हणून त्याने वरच्या अधिकाऱ्याला सुचवलं, तर त्याने ते साफ उडवून लावलं. देवाने केलेल्या सृष्टीत ढवळाढवळ नको, असं त्याचं म्हणणं. डासांचा आणि तापाचा काही संबंध असेल हे तेव्हा रॉसच्याही डोक्यात नव्हतं.

तो संबंध त्याच्या डोक्यात घातला पॅट्रिक मॅन्सनने. फ्रेंच लष्करी डॉक्टर लावरान याने १८८० साली अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला होता. रॉसला तो हिंदुस्थानात कधी दिसलाच नाही, म्हणून लावरानवर त्याचा विश्वास नव्हता. १८९४ साली रजेवर असताना मॅन्सनने लंडनमध्ये त्याला सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला, आणि आपली कल्पना सांगितली. मॅन्सनने चीनमध्ये असताना हत्तीरोगाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे शोधलं होतं. हिवतापाचंही तसंच असावं, असा त्याचा तर्क. डास रुग्णाचं रक्त पितो, पाण्यावर मरतो, आणि ते पाणी पिणाऱ्याला ताप येतो. तर्काचा पहिला अर्धा भाग बरोबर होता. दुसरा चूक होता, आणि त्या चुकीची किंमत कुणी दिली तेही पुढे येईलच.

१८९५च्या वसंतात रॉस सिकंदराबादला आला, १९व्या मद्रास इन्फंट्रीचा डॉक्टर म्हणून. राहायला आणि कामाला बेगमपेठ. आता त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या, डास आणि ज्यांच्या रक्तात परजीवीचं चंद्रकोरीसारखं रूप आहे असे रुग्ण. डास मिळत होते. माणसं मिळेनात. बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेणारा हा गोरा डॉक्टर काहीतरी जादूटोणा करतो अशी बाजारात हूल उठली. एका टोचणीचे दोन-तीन रुपये द्यायची त्याने तयारी दाखवली, तरी लोक फिरकेनात. त्या काळात दोन-तीन रुपये म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई होती. भीती पैशापेक्षा मोठी निघाली. शेवटी अब्दुल कादिर नावाचा एक रुग्ण मिळाला, त्याच्या रक्तात चंद्रकोरी होत्या, आणि रॉसने त्याला मच्छरदाणीत झोपवून त्याच्यावर डास सोडले. रक्त प्यायलेल्या डासांच्या पोटात परजीवीचा पुढचा बदल त्याला दिसला. त्यानंतर तो बदल कुठे जातो, ते काही कळेना.

आणि मग ते पाणी. ज्या पाण्यात असे डास मेले होते ते रॉसने लछमन नावाच्या एका निरोगी तरुणाला प्यायला दिलं. काही दिवसांनी लछमनला ताप भरला. रॉसला वाटलं, झालं, सिद्ध झालं. पण ताप लवकर उतरला, आणि आणखी काही जणांना तेच पाणी पाजल्यावर ठाम असं काही हाती लागलं नाही. बंगलोरला बदली झाल्यावर बाउरिंग हॉस्पिटलमधला अप्पिया हा सहायक डॉक्टर स्वतःहून पुढे आला, त्याने डास चावून घेतले. त्यालाही काही झालं नाही. डासाची जातच चुकीची होती. पण हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

इथे थोडं थांबून, मी या माणसाच्या मागे का लागले ते सांगते. आपल्या मंडळातून बाहेर पडून मला बरीच वर्षं झाली. आता दिलसुखनगरमधल्या एका पदवी महाविद्यालयात शिकवते. दिलसुखनगर म्हणजे कोचिंग क्लासेसच्या पाट्या, होस्टेलांच्या पाट्या आणि त्यांच्या मधल्या उरलेल्या जागेत माणसं. बी.एस्सी.च्या मुलांना बायोएथिक्स, म्हणजे जैवनीतीचा एक छोटा पेपर आहे. पुस्तकातून तो शिकवला तर तो पाठांतराचा विषय होतो: स्वायत्तता, हित, अहित टाळणं, न्याय, चार शब्द, चार गुण. म्हणून माहितीपट दाखवायचं ठरवलं, आणि कुठले दाखवायचे यात दोन महिने गेले.

सहज मिळणारे बहुतेक माहितीपट अमेरिकेचे. ‘द डेडली डिसेप्शन’ हा १९९३चा माहितीपट टस्कीगीचा आहे. तिथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय माणसांना उपचाराविना नुसतं निरखत ठेवलं. बदल्यात जेवण, गाडीची सोय आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. ॲडम कर्टिसचा ‘द वे ऑफ ऑल फ्लेश’ (१९९७) हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींबद्दल. दोन्ही उत्तम. मुलं बघतात, हळहळतात, आणि अमेरिका किती वाईट असं म्हणून घरी जातात. दीपा धनराज यांचा ‘समथिंग लाइक अ वॉर’ (१९९१) लावला तेव्हा वर्गात वेगळीच शांतता झाली. तो आपल्याच कुटुंबनियोजनाच्या शिबिरांचा आहे, आणि त्यात बायकांना रांगेत ज्या वेगाने टेबलावर घेतात आणि उतरवतात, ते बघताना मुलांना आपल्या आया-मावश्या आठवल्या असणार. ‘मेड इन इंडिया’ (२०१०) मुंबईतल्या सरोगसीचा. त्यात पैसा थेट मध्यभागी येतो. पैसे देऊन घेतलेली संमती ही संमती असते का, हा प्रश्न तिथून निघाला आणि मला रॉस आठवला. मेट्रोने अमीरपेटला गाडी बदलली की बेगमपेठ, इतक्या जवळ. आणि हैदराबादेत त्याच्या नावाची संस्था आहे, त्याच्या नावाचं फीव्हर हॉस्पिटल आहे, पण तो नीतीच्या वर्गात कधी येत नाही. तो फक्त शोधाच्या धड्यात येतो.

तर परत रॉसकडे. साल १८९७. हे साल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मुंबई-पुण्यात प्लेग, घराघरांत शिरून होणारी तपासणी, जूनमध्ये रँडवर झाडलेली गोळी. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिनने स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना. कैद्याची तयारी म्हणजे काय, हाही एक तासभराचा विषय आहे. पण हाफकिनने सुई आधी स्वतःकडे वळवली होती एवढं खरं. रॉस त्या वर्षी उटीजवळच्या सिगूर घाटात डास शोधत होता, आणि तिथे त्यालाच हिवताप झाला. मच्छरदाणीत झोपूनही झाला. बरा होऊन जूनमध्ये तो सिकंदराबादला परतला आणि पुन्हा टेबलाशी बसला.

त्या उन्हाळ्यातलं त्याचं काम वाचलं की माणूस म्हणून त्याच्याबद्दल आदर वाटतोच. दिवसभर डासामागून डास चिरायचा. पोटाची भिंत थर थर करून पाहायची. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले, भिंगाला तडा गेलेला. पंखा ओढायला सांगायची सोय नाही, कारण वाऱ्याने चिरलेले डास उडून जात. डोळ्यांवर माश्या. आणि सगळं निष्फळ, कारण आतापर्यंत तो जे डास वापरत होता ते हिवतापाचे नव्हतेच. ऑगस्टच्या मध्यावर त्याच्या माणसांनी वेगळ्याच अळ्या आणून दिल्या. त्यातून निघालेल्या डासांच्या पंखांवर ठिपके होते. आज आपण त्यांना ॲनाफिलीस म्हणतो.

१६ ऑगस्टला हुसेन खान नावाच्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवलं आणि हे ठिपक्यांचे डास त्याच्यावर सोडले. ठरलेला भाव होता रक्त प्यायलेल्या दर डासामागे एक आणा. रुपयाचा सोळावा हिस्सा. मग एकेक डास चिरत गेला. काही आपोआप मेले, काही चिरताना वाया गेले. २० तारखेला फक्त दोन उरले होते. त्यातला एक त्याने दुपारी टेबलावर घेतला. पोटाच्या भिंतीवर गोल पेशी दिसल्या, आणि त्यांच्या आत हिवतापाच्या परजीवीत दिसतो तसाच काळा रंगकण. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डासात त्याच पेशी आणखी मोठ्या झालेल्या. म्हणजे परजीवी डासाच्या अंगात वाढत होता. रॉसने त्या आनंदात एक कविता लिहून बायकोला धाडली. बाकीच्या कविता विसरल्या गेल्या. ही एक राहिली. २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळतात तो यामुळे. आमच्याकडे त्या दिवशी महापालिकेचा धुराचा पंप सरूरनगर तलावाच्या बाजूने जरा जास्त जोरात फिरतो, असा आपला माझा समज आहे.

हा आण्याचा प्रसंग इतका दृश्य आहे की कुणीही माहितीपट काढला तर त्याचं पहिलं शॉट हेच असेल. मच्छरदाणी, आत घामेजलेला माणूस, बाहेर गोरा साहेब, हातात नाणं. मलाही आधी वाटलं, शोषणाचं याहून चांगलं चित्र ते कुठलं. पण मुलांना रॉसचा क्रम फळ्यावर मांडून दिला आणि प्रत्येक माणसाला नेमका धोका काय होता ते लिहायला सांगितलं, तेव्हा चित्र उलटं झालं. हुसेन खानला हिवताप आधीच होता. डास अळीपासून वाढवलेले होते, आधी कुणाला चावलेले नव्हते. म्हणजे त्याचा तोटा किती, तर काही डासांचा दंश आणि तासभर उकाडा. त्या बदल्यात आणे. अब्दुल कादिरचंही तसंच. लछमनची गोष्ट मात्र वेगळी. तो निरोगी होता. त्याला जे पाजलं ते त्याला ताप यावा याच हेतूने पाजलं. तर्क चुकीचा होता म्हणून तो वाचला. रॉसच्या सावधगिरीमुळे नव्हे. तर्क बरोबर असता तर त्याच्या अंगात ज्या हिवतापाचा जंतू शिरला असता तो चंद्रकोरीवाला, माणसं मारणारा प्रकार होता. क्विनाईन हाताशी होतं हे खरं, पण क्विनाईन म्हणजे हमी नव्हे. आणि पाण्याच्या पेल्यात दाखवण्यासारखं काही नसतं. कॅमेऱ्याला मच्छरदाणी आवडते, म्हणून हुसेन खान प्रसिद्ध आहे आणि लछमन नाही. अमिताव घोष यांच्या ‘द कलकत्ता क्रोमोसोम’ या १९९५च्या कादंबरीत तो येतो, पण ती कादंबरी त्याला भलत्याच अद्भुत वाटेने नेते.

हे ध्यानात आल्यापासून कुठलाही माहितीपट निवडताना मी एक गोष्ट पाहते. सर्वांत चटका लावणारं दृश्य आणि सर्वांत मोठा धोका हे त्यात एकाच ठिकाणी आहेत का? नसतील, तर दिग्दर्शकाला ते माहीत आहे का?

काळ तसा होता, असं म्हणून रॉसला सोडून देता येतं, आणि वर्गातली निम्मी मुलं देतातच. पण काळ तसा होता म्हणजे नेमका कसा, ते बघायला हवं. जर्मनीत नायसर नावाच्या डॉक्टरने काही स्त्रियांना न सांगता सिफिलिसच्या रुग्णांचा रक्तद्रव टोचला, त्यावरून गदारोळ झाला आणि १९०० साली प्रशियाच्या सरकारने हुकूम काढला की माहिती देऊन घेतलेल्या स्पष्ट संमतीशिवाय असे प्रयोग करायचे नाहीत. त्याच वर्षी क्यूबात वॉल्टर रीडने पीतज्वर डासांमुळे होतो हे दाखवताना स्वयंसेवकांशी लेखी करार केले, स्पॅनिश भाषेतसुद्धा, कारण त्यांतले बरेच जण स्पेनहून आलेले मजूर होते. भाग घेतल्याबद्दल शंभर डॉलर, ताप आला तर आणखी शंभर. त्याआधी रीडचा सहकारी लेझिअर पीतज्वराने मेला होता. आणि खुद्द मॅन्सनने १९०० साली रोमहून संसर्ग झालेले डास मागवले आणि लंडनमध्ये ते आपल्या मुलाला चावू दिले. मुलगा वैद्यकीचा विद्यार्थी, तो स्वतः तयार झाला. त्याला हिवताप झाला, क्विनाईनने उतरला. म्हणजे रॉसनंतर अवघ्या तीन वर्षांत संमतीचे कागद होते, भाषांतर होतं, स्वतःच्या पोराला पुढे करणंही होतं. काळ एकसारखा नव्हता. वसाहतीतल्या फौजी दवाखान्यात तो एक होता आणि इतरत्र दुसरा.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. रॉसने पैसे दिले. जुलूम करणं त्याला अवघड नव्हतं, दवाखाना त्याचाच होता. तरी नाही म्हणणाऱ्यांना त्याने जाऊ दिलं, आणि म्हणूनच तर त्याला माणसांचा तुटवडा पडला. टस्कीगीत लोकांना आजाराचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. प्रमाणाचं भान सुटलं की नीतीचा तास नुसता निवाड्याचा तास होतो.

पुढचं आयुष्य भराभर सांगते. शोधाचा निबंध डिसेंबर १८९७मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून येण्याआधीच लष्कराने त्याची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला केली. तिथे हिवताप जवळजवळ नव्हताच. सरकारी खात्यांची ही परंपरा जुनी आहे. मॅन्सनने खटपट केली आणि १८९८च्या सुरुवातीला रॉसला कलकत्त्याला खास कामावर पाठवलं. तिथे प्लेगच्या आणि लशीच्या धास्तीने कुणी माणूस सुईजवळ येईना. मग रॉस पक्ष्यांकडे वळला. मोहम्मद बक्ष हा त्याचा मदतनीस चिमण्या पकडायचा, डास वाढवायचा, रात्री पिंजऱ्यांपाशी राखण करायचा. त्या जुलैत पक्ष्यांच्या हिवतापाचे जंतू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेच्या ग्रंथीत पोचतात हे दिसलं, आणि निरोगी चिमण्यांना असे डास चावल्यावर त्या आजारी पडल्या. पिण्याच्या पाण्याचा तर्क तिथेच बाद झाला. म्हणजे निर्णायक पुरावा शेवटी चिमण्यांनी दिला. वर्गात एका मुलीने विचारलं, मग माणसांना पाणी पाजायची गरजच काय होती? मी तिला १८९५ आणि १८९८ या दोन तारखा पुन्हा लिहायला सांगितल्या. समाधान झालं नाही तिचं, आणि होऊही नये.

माणसांतल्या हिवतापाचं पूर्ण चक्र १८९८च्या अखेरीस इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. श्रेय कुणाचं यावरून रॉस आणि ग्रासी आयुष्यभर भांडले, आणि भांडणात रॉस काही सभ्य नव्हता. १९०२चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं. हिंदुस्थानात जन्मलेला तो पहिला नोबेल विजेता. १८९९ सालीच तो नोकरी सोडून लिव्हरपूलला शिकवायला गेला होता. तिथून सिएरा लिओन, सुएझजवळचं इस्माइलिया, मॉरिशस असा डासांच्या मागे फिरला. १९११ साली सर झाला. त्याच सुमारास त्याने तरुणपणीचं गणित बाहेर काढलं आणि समीकरणं मांडून दाखवलं की हिवताप संपवायला शेवटचा डास मारायची गरज नाही. डासांची संख्या एका पातळीखाली आणली तरी साथ आपोआप विझते. करोनात आपण सगळे जो आर-नॉट आर-नॉट करत होतो, त्याच्या मुळाशी जी परंपरा आहे तिच्यात रॉस आधीच्या रांगेत बसतो. माझ्या मते हे काम २० ऑगस्टच्या शोधाइतकंच मोठं आहे. पण समीकरणाचा दिन कोण पाळणार?

आता वर्गाचं. रॉसवर काय दाखवायचं? १८९७चा बेगमपेठेचा दवाखाना पडद्यावर नाही. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चित्रं पहिल्यांदा हलली ती ७ जुलै १८९६ला. तो कॅमेरा मच्छरदाणीपर्यंत पोचायला कुणाला कारणच नव्हतं. म्हणून मी उलटं केलं. ‘मेड इन इंडिया’ पूर्ण दाखवते, ‘समथिंग लाइक अ वॉर’ पूर्ण दाखवते, ‘द डेडली डिसेप्शन’चा अर्धा तास. आणि त्यांच्या मधे रॉसचे दोन तास, पडदा बंद ठेवून. मुलांनीच ठरवायचं की हा माहितीपट काढायचा तर कॅमेरा कुणाच्या बाजूला ठेवायचा, आवाज कुणाचा आणि भाषा कुठली. हुसेन खान कुठल्या भाषेत हो म्हणाला असेल? दखनीत, बहुधा. त्याला काय सांगितलं गेलं असेल? एका गटाने अख्खी फिल्म मच्छरदाणीच्या आतून काढायचं ठरवलं. दुसऱ्या गटाने लछमनच्या ताप आलेल्या दिवसावर. तिसऱ्या गटाने रॉसच्या बाजूने, घामाने गंजलेल्या स्क्रूवर, आणि तो आराखडा सर्वांत चांगला होता हे मान्य करायला हवं.

हे सगळं जुनं म्हणून ठेवून देता येत नाही. खम्मम जिल्ह्यात, आमच्यापासून काही तासांवर, २००९ साली दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस एका अभ्यास प्रकल्पात दिली गेली. एप्रिल २०१०मध्ये तो प्रकल्प थांबवला. काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संसदीय समितीचा २०१३चा अहवाल संमतीच्या कागदांबद्दल जे सांगतो ते वर्गात मोठ्याने वाचायला मी लावते. साडेनऊ हजारांच्या आसपास फॉर्मपैकी पावणेतीन हजारांहून जास्त फॉर्मवर सही वसतिगृहाच्या वॉर्डनची होती. आईबापाची नव्हे. माझ्या वर्गातल्या अनेक मुली अशाच वसतिगृहांतून शिकून आल्या आहेत. लस चांगली होती की वाईट यावर चर्चा वळते तेव्हा मी ती परत सहीवर आणते, कारण चांगल्या लशीलाही सही लागतेच.

आणि हैदराबाद हे औषध कंपन्यांचं शहर आहे. इथे पैसे घेऊन गोळ्या घ्यायला, रक्त द्यायला जाणारी तरुण मुलं आहेत. २०१७ साली करीमनगर भागातल्या अशा तरुणांच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. नियम आहेत, नीती समित्या आहेत, संमती घेताना व्हिडिओ करण्याची पद्धतही आता आपल्याकडे काही चाचण्यांना लागू आहे. म्हणजे बघा, कॅमेरा शेवटी मच्छरदाणीपाशी आला. पण होस्टेलची फी थकलेल्या मुलाने कॅमेऱ्यासमोर दिलेला होकार आणि हुसेन खानचा होकार यांत फरक किती, हे माझ्या वर्गातल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त नीट कळतं. त्या तासाला कुणी मोबाइल बघत नाही.

रॉसची अखेरची वर्षं कडवट गेली. आपल्या शोधाने साम्राज्याचे एवढे पैसे आणि प्राण वाचवले, तर पार्लमेंटने जेन्नरसारखं आपल्यालाही बक्षीस द्यायला हवं होतं, हे त्याने वर्षानुवर्षं लावून धरलं. ते काही मिळालं नाही. मॅन्सनशीही बिनसलं. १९२३ साली त्याने जाडजूड आत्मचरित्र छापलं, १९२६ साली लंडनमध्ये पुटनीला त्याच्या नावाची संस्था उघडली, आणि १९२८ साली त्याने आपली सगळी कागदपत्रं, पत्रं, टिपणवह्या विकायला काढल्या. लेडी ह्यूस्टन या बाईंनी ती २००० पौंडांना विकत घेतली. पैशांचा प्रश्न त्यालाही होता तर.

त्या कागदांत एक गोष्ट आहे, जी मला अजून पुरती सुटलेली नाही. आज असा अभ्यास झाला तर हुसेन खान, अब्दुल कादिर आणि लछमन यांची नावं आपल्याला कळणार नाहीत. गोपनीयतेचा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. ते रुग्ण क्रमांक अमुक-तमुक म्हणून राहतील. रॉसने नावं लिहिली. कुणाच्या परवानगीने लिहिली असं म्हणायला जागा नाही, पण लिहिली म्हणून सव्वाशे वर्षांनंतर दिलसुखनगरच्या वर्गात तीन गट त्यांच्यावर भांडू शकतात. या लेखात मी रॉसला आणि त्यांना सगळ्यांनाच एकेरी लिहिलंय, ते मुद्दाम.

रॉसची बायको रोझा १९३१मध्ये गेली. तो स्वतः पक्षाघाताने अधू झाला होता आणि बराच काळ आजारी होता. १६ सप्टेंबर १९३२ रोजी तो त्याच्याच नावाच्या संस्थेत वारला, आणि पुटनी व्हेलच्या दफनभूमीत रोझाशेजारी त्याला पुरलं. बेगमपेठेची त्याची इमारत आता उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. या सत्रात २० ऑगस्टच्या आठवड्यात मुलांना तिथे न्यायचं आहे. चौघींनी विचारलंय की तिथे मोबाइलवर शूटिंग करू देतात का.